साठ हंस आणि दोनशे तीस व्होल्ट

आमच्या घरात व्होल्टेज कमी येतं हे आम्हाला एका हंसामुळे कळलं.

हा हंस आईच्या भरतकामाच्या मशीनखालून बाहेर आला तेव्हा त्याला दोन माना होत्या. एक मान जिथे असायला हवी तिथे, आणि दुसरी बोटभर उजवीकडे, पहिलीकडे जरा संशयाने बघणारी. आईने कोट उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाली, "हा असा नव्हता."

आईने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिने कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं. 'या वयात हे कशाला' असं घरात सगळ्यांनी म्हणून घेतलं. सगळ्यांनी म्हणजे बाबांनी एकदा आणि मी दोनदा. सहा महिने ती रुमालांच्या कोपऱ्यांत फुलं भरत होती, आणि आता तिला पहिलं खरं काम मिळालं होतं. चौकापलीकडे एक नवं हॉटेल उघडणार होतं. तिथल्या वेटरांचे साठ पांढरे कोट, प्रत्येकाच्या खिशावर एक निळा हंस. हातात दोन आठवडे. रविवारी उद्घाटन, त्यामुळे शनिवारी दुपारी एकच्या आत कोट पोचायला हवेत.

हॉटेलच्या मॅनेजरने मोजून बासष्ट कोट दिले. "दोन चुकीसाठी," तो म्हणाला. "हे नीट झालं तर चादरी, नॅपकिन, वर्षभराचं सगळं काम तुमचंच. नाही झालं तर… बघू." तीस वर्षं मुलींना 'बघू' म्हणत आलेल्या आईला या शब्दाचा अर्थ पक्का माहीत होता.

दोनपैकी एक चूक पहिल्याच दिवशी वापरून झाली.

एक हंस भरायला बावीस मिनिटं लागतात. मध्येच व्होल्टेज पडलं की मशीन बंद होतं, पुन्हा चालू झालं की झालं गेलं विसरतं, आणि सुई स्वतःच्या अंदाजाने नव्याने सुरुवात करते. माणसात हा गुण असला तर त्याचं कौतुक होतं. मशीनच्या बाबतीत दोन माना होतात.

"स्टॅबिलायझर आण," आई मला म्हणाली. "तू इंजिनिअर आहेस ना?"

मी इंजिनिअर आहे, पण सिव्हिल. वीज हा विषय आम्हाला पहिल्या वर्षी होता. मला तो दुसऱ्या वर्षीही होता. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी सामंजस्याने वेगळं व्हायचं ठरवलं. हे आईला माहीत आहे, तरी घरात काहीही बिघडलं की माझं इंजिनिअर असणं बाहेर काढलं जातं, पाहुणे आले की कपाटातला चांगला कपबशांचा सेट काढतात तसं. तो सेटही कानाशी उडालेला आहे.

मी चपला घालतच होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आधी मोजायला हवं."

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत त्यांनी हयात घालवली. मोजल्याशिवाय त्यांना कुठलीही गोष्ट खरी वाटत नाही. मी लहानपणी 'पोट दुखतंय' म्हटलं की ते विचारायचे, "कालच्यापेक्षा किती?" आणि एक नियम त्यांनी मला पाढ्यांच्याही आधी शिकवला होता: एका बाजूने तोलून सही करायची नाही. वजन या पारड्यातून त्या पारड्यात घालायचं, पुन्हा तोलायचं, दोन्हीकडे तेच आलं तरच सही. हा नियम ते माझ्या निबंधांना, भाजीला आणि माझ्यासाठी आलेल्या एकमेव स्थळालाही लावत. त्या स्थळाने दुसऱ्या पारड्याची वाट पाहिली नाही.

बाबांनी मल्टिमीटर आणला आणि एक लांबट रजिस्टर आखलं. दिनांक, वेळ, व्होल्ट, शेरा, सही. ते दर अर्ध्या तासाने भिंतीतल्या प्लगपाशी वाकून आकडा घेत, लिहीत आणि सही करत. शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक'. चार दिवस त्यांनी मला दुकानात जाऊ दिलं नाही. "पुरावा नसताना खरेदी नाही," ते म्हणाले. तोवर आई जमेल तसे हंस काढत होती. मशीन बंद पडलं की ती सुई उचलायची, टाके उसवायची, पुन्हा भरायची. बावीस मिनिटांचा हंस तास तास चालायचा. एकीकडे हंस, दुसरीकडे पुढच्या कोटाच्या खिशाला इस्त्री, असा तिचा दिवस जाई. चार दिवसांत सहा झाले.

चार दिवसांनी पुरावा तयार झाला. दोनशे तीस हवेत तिथे कधी एकशे ऐंशी, कधी एकशे बासष्ट, एकदा तर एकशे एकोणपन्नास. कधी पडेल आणि कधी चढेल याला काही धरबंध नव्हता. सकाळी साडेसहाचे आकडे मात्र बाबांनी रोज खोडले होते. तिथे दोनशे अठ्ठावन्न, दोनशे एकसष्ट असं काहीतरी होतं.

"हे का खोडलं?" मी विचारलं.

"मीटर सकाळी थंड असतो. चुकीचं वाचन."

"पण रोज?"

"आपली तक्रार कमीची आहे," बाबा म्हणाले. "जास्तीचा इथे संबंध नाही."

इलेक्ट्रिकवाल्याचं दुकान अरुंद होतं आणि तो स्वतः रुंद होता. त्याने विचारलं, "लोड किती?"

"साठ कोट," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "मशीनच्या मागे आकडा लिहिलेला असतो. तो घ्यायचा, वर पाव हिस्सा जास्त धरायचा. हे झालं किती मोठा घ्यायचा त्याचं. मग तुमच्याकडे येतं कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते सांगायचं. त्यावरून कुठला घ्यायचा ते ठरतं. दोन्ही टोकं लागतात, साहेब. एक टोक सांगून स्टॅबिलायझर मिळत नाही."

"जास्तीचा प्रश्नच नाही," बाबांनी रजिस्टर पुढे केलं. त्याने खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं. बाबांनी रजिस्टर मिटलं. मग मी, इंजिनिअर म्हणून, एक छोटा, देखणा, हिरव्या दिव्याचा स्टॅबिलायझर पसंत केला. तो एकशे सत्तरच्या खाली काम करत नाही हे त्याच्या पोटाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी तो उलटा करून पाहिला नव्हता. आमच्याकडे एकशे सत्तरच्या खाली गेलं की तोच आधी मान टाकायचा. म्हणजे पूर्वी फक्त मशीन बंद पडायचं, आता दोघंही पडायचे, सोबतीने.

तो परत करून दुसरा आणला. हा एकशे तीसपासून दोनशे नव्वदपर्यंत सगळं सांभाळणारा होता. पण व्होल्टेज बदललं की तो आतल्या आत 'टक' करून टप्पा बदलायचा, आणि त्या 'टक'च्या क्षणी मशीन दचकायचं. सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याने लागोपाठ तीनदा टक केलं आणि आईचा तेविसावा हंस पंखाऐवजी मागे छत्री घेऊन बाहेर आला.

दुसरी चूकही वापरून झाली. आता साठ कोट आणि साठ हंस. आईने तो कोट घडी करून पहिल्या बिघडलेल्या कोटावर ठेवला, त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "कापड चांगलं आहे हो." मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

इथे आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. तीन मजले, तीन घरं. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर, दवाखाना पुढे आणि घर मागे. मध्ये आम्ही. वर किराणावाले काका आणि काकू.

डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. "माझं ड्रिल मध्येच सुस्तावतं. पेशंट डोळे मिटून वाट बघतो, मी उघडे ठेवून बघतो. तू असं कर, किरकोळ डबे घेऊ नकोस. सगळ्या घराचा एकच मोठा घे. सर्वो. त्यात मोटर असते, टकटक नाही, सावकाश वर-खाली करतो. दाढेसारखं आहे. वरवर भरत बसण्यापेक्षा मुळाशी जायचं."

हा सल्ला मला पटला, कारण त्यात आणखी काही विचार करायची गरज नव्हती.

वरच्या काकांचा सल्ला मिळण्याची शक्यता नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी बाबांनी काकांच्या दुकानातला तराजू किलोमागे वीस ग्रॅम कमी तोलतो म्हणून जप्त केला होता. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. काका तेव्हा म्हणत होते की तराजूचा मधला काटा सैल झालाय, तो कधी कमी दाखवतो, कधी जास्त. बाबांनी शेरा लिहिला: कमी. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही या इमारतीत घर घेतलं, सामान वर चढवलं, आणि सामान चढताना बघायला वरच्या कठड्यापाशी कोण उभं आहे हे बाबांना तेव्हा कळलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. आई आणि काकू बोलतात, पण जिन्यात. ती दोघींची तटस्थ भूमी. मला काका 'काय रे' म्हणतात, मी 'काही नाही' म्हणतो. पंचवीस वर्षांत या संभाषणात फारशी भर पडलेली नाही.

मंगळवारी मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो, आधी फोनवर नोंदवलेल्या तक्रारीचं काय झालं ते विचारायला. तिथे दोन खिडक्या होत्या: 'कमी दाब' आणि 'जास्त दाब'. मी कमीच्या रांगेत उभा राहिलो आणि शेजारच्या रांगेत बघतो तर वरचे काका. हातात पिशवी, पिशवीत काहीतरी किणकिणत होतं.

"काय रे," काका म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो.

खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटर बघितला. "तुमच्या तक्रारीवर कार्यवाही झालेली आहे. गेल्या सोमवारी आमच्या माणसाने तुमच्या भागाचं व्होल्टेज वाढवलं."

"पण बुधवारी पुन्हा पडलं."

"बुधवारी ते दुसऱ्या खिडकीने कमी केलं. त्यांच्याकडे जास्तीची तक्रार होती."

"कुठून?"

त्यांनी पत्ता वाचला. तो आमचाच होता.

"हे चुकून आलं असणार," बाई म्हणाल्या. "एका पत्त्यावरून कमी आणि जास्त अशा दोन्ही तक्रारी होऊ शकत नाहीत. फॉर्ममध्ये तशी सोय नाही." त्यांनी शेजारच्या खिडकीकडे बघितलं. ती खिडकी सव्वा हातावर होती, पण मध्ये भिंत होती आणि भिंतीवर 'चौकशी येथे करू नये' लिहिलेलं होतं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यातही व्होल्टेज कमीच असावं. मी फक्त एवढाच विचार केला की काकांना मुद्दाम आमचं व्होल्टेज कमी करून घ्यायची काय गरज होती, आणि घरी येऊन बाबांना तसं सांगितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "वीस ग्रॅम." बस, एवढंच.

बुधवारी सर्वो आला. दोन हमाल आणि एक इंजिनिअर, अशा तिघांनी तो वर आणला. तो वॉशिंग मशीनएवढा होता, अंगावर एक काटा आणि दोन दिवे होते, आणि तो सतत हलक्या आवाजात गुणगुणायचा, एखादे वयस्क गृहस्थ दुसऱ्या खोलीत नाराज बसलेत असं वाटावं. पण काम चोख. सगळं घर त्याच्यावर होतं. फ्रिज, पंखे, इस्त्री, मशीन. दिवसभरात आईने आठ निर्दोष हंस काढले. संध्याकाळी बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं. त्या वेळी वरून 'फट्' असा आवाज आला, आणि मग काकूंचा: "अगं बाई, हाही गेला!"

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सर्वोचा काटा डावीकडे जाऊन टेकला, लाल दिवा लागला आणि त्याने सगळं घर बंद केलं. बाहेरून एकशे सदतीस येत होतं, आणि त्याच्याही सहनशीलतेला एक मर्यादा होती. हे नंतर मला समजलं, की कमी व्होल्टेजवर तेवढंच काम करून घ्यायचं तर स्टॅबिलायझर लाइनमधून जास्त ओढतो, आणि जास्त ओढलं की लाइन आणखी खचते. आम्ही इलाज जितका मोठा आणत होतो तितका आजार वाढत होता. मला हे कॉलेजात दोन वर्षं शिकवलं होतं.

त्या वेळी एकतीस कोट झाले होते. एकोणतीस राहिले होते आणि हातात दोन दिवस. आई मशीनसमोर स्टुलावर बसून होती. बाबा रजिस्टर घेऊन प्लगपाशी उकिडवे. मी उभा होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींचं काम तपासलं," आई म्हणाली. "पहिल्यांदा कुणीतरी माझं तपासणार होतं."

मग ती उठून जिन्यात गेली. काकू खाली अंगणात वाळत घातलेले कपडे काढून वर चालल्या होत्या.

"तुमच्याकडे व्होल्टेज कसं आहे हो?"

"आमच्याकडे? भरपूर!" काकू म्हणाल्या. "नको तेवढं. दिवे फुटतायत पटापट."

"मग मी मशीन घेऊन वर येऊ का?"

पंचवीस वर्षांत जिन्यात इतकी शांतता कधी झाली नव्हती. खाली डॉक्टरांचं ड्रिलसुद्धा थांबलं. ते बहुधा व्होल्टेजमुळे असेल, पण मला ते अदबीने थांबल्यासारखं वाटलं.

"या की," काकू म्हणाल्या. "आमचं टेबल मोठं आहे."

आई आत आली. "अहो, मी वर चाललेय." बाबांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही. म्हणाले, "तुझं काम आहे. तू ठरव." मग मी मशीन उचललं, आईने इस्त्री आणि कोट घेतले, आणि आम्ही अठरा पायऱ्या चढून वर गेलो. बाबा घरात एकटे, मल्टिमीटरसमोर.

काकांनी दार उघडलं. आईला बघून बाजूला झाले. "बसा, वहिनी." मला म्हणाले, "काय रे." माझ्या दोन्ही हातांत मशीन होतं, त्यामुळे 'काही नाही' म्हणणं शोभलं नसतं.

हंस सुरू झाला. सुई अशी धावत होती की आईच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला. पोट झालं, शेपूट झाली. आईने सवयीने पुढचा कोट पसरला आणि इस्त्री लावली.

काकांच्या घरातला दिवा मलूल झाला. पंखा दमल्यासारखा फिरायला लागला. मशीनने एक आवंढा गिळल्यासारखा आवाज केला.

आईने हंसाकडे न बघता इस्त्रीचा प्लग उपटला.

दिवा भगभगला. पंखा सुटला. सुई पुढे निघाली, आणि हंसाला मान एकच आली.

त्याच वेळी खालून बाबांचा आवाज आला. बाबा ओरडत नाहीत. आकडा असेल तरच ओरडतात. "दोनशे चौसष्ट होतं! आता दोनशे पाच! वर कुणी काय केलं?"

आईने हंस पुरा होऊ दिला. कोट काढून घेतला, मशीन बंद केलं, आणि मग मुद्दाम इस्त्री लावली.

"दोनशे त्रेसष्ट!" खालून.

काढली.

"दोनशे सहा!"

काका खुर्चीवरून अर्धे उठले. "अरेच्चा," ते म्हणाले. "हे तर…" आणि थांबले.

मग पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला. एक, दोन, तीन… मी मोजले, आमच्याकडे तो संस्कारच आहे. अठरा. बाबा दारात उभे राहिले. एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्या हातात रजिस्टर.

"तपासणी करायची आहे," ते म्हणाले.

काका म्हणाले, "नोटीस?"

"नाही."

"मागच्या वेळी पण नव्हती."

"आत या हो," काकू म्हणाल्या. "दारात उभं राहून मोजणार का?"

बाबा आत आले. काका आतून एक खोका घेऊन आले. त्यात फुटलेले आणि जळलेले बल्ब होते, आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: तारीख, वार, वेळ. किराणा मालाच्या पोत्यांना बांधतात तशी. "ऑफिसात दाखवायला ठेवलेत," काका म्हणाले. "ती बाई म्हणते, बल्बची सोय नाही फॉर्ममध्ये."

बाबांनी टेबलावर रजिस्टर उघडलं. पहिला बल्ब: सोमवार, चार वाजून दहा. रजिस्टरमध्ये सोमवार, चार: एकशे एक्कावन्न. आईचा छत्रीवाला हंस. दुसरा बल्ब: काल संध्याकाळचा, सर्वो 'समाधानकारक' असतानाचा. तिसरा, चौथा… जिथे आमच्याकडे तळ, तिथे त्यांच्याकडे बल्ब.

"आणि हे खोडलेले काय आहेत?" काकूंनी विचारलं. "सकाळी साडेसहा?"

"ते चुकीचं—" बाबा म्हणाले.

"साडेसहाला यांची आंघोळ असते. गिझर."

बाबांनी त्या ओळी बोट ठेवून मोजल्या. रोज एक, अशा काकांच्या बारा आंघोळी त्यांनी खोडल्या होत्या.

"एकच दांडी आहे," शेवटी ते हळू म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरून वर-खाली केले, एक खाली गेला की दुसरा वर. "आपण दोन पारडी. तुमच्याकडे भार पडला की आम्ही वर. आमच्याकडे पडला की तुम्ही. मधला—"

"मधला काटा सैल आहे," काका म्हणाले.

तासाभरात वायरमन आला. या वेळी काका आणि बाबा दोघांनी एकाच फोनवरून तक्रार केली, एकाने कमीची आणि दुसऱ्याने जास्तीची. त्यामुळे पलीकडच्या बाईंना फोन कुणाला जोडावा कळेना आणि त्यांनी घाबरून माणूसच पाठवला. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत वायरमनने झाकण काढलं, मेन बंद केलं, टॉर्च धरला आणि जीभ टाळ्याला लावून 'चक्' केलं.

"तीन मजल्यांना जाणाऱ्या वायरी तीन. परत येणारी एकच. तिचा हा बोल्ट बघा." त्याने बोटाने हलवला, तो हलला. "ही सैल झाली की तिघांची आपसात ओढाओढ. आणखी आठवडाभर राहिलं असतं तर कुणाचा तरी फ्रिज पेटला असता." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वरती तो मोठा सर्वो कुणी आणला?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलं."

डॉक्टर हातमोजे घालून दारातच उभे होते. "मी मुळाशी जा म्हटलं होतं," ते म्हणाले आणि आत गेले. आत कुणीतरी तोंड उघडं ठेवून त्यांची वाट बघत होतं.

वायरमनने जळकी टोकं घासली, बोल्टचा वॉशर बदलला आणि पाना फिरवला. जेमतेम पाव फेरा. मेन चालू करून मीटर लावला. "एकतीस. तीस. एकतीस. दोनशेच्या वर सगळे."

"पुन्हा एकदा," बाबा म्हणाले. "उलट्या क्रमाने."

वायरमनने सुस्कारा सोडून मोजलं. तेच आलं.

तो झाकण लावून गेला. त्या चिंचोळ्या खोलीत आम्ही तिघंच उरलो, आणि तीन मीटरच्या चकत्या एका लयीत फिरत होत्या. बाबांनी त्या चकत्यांकडे बघतच सांगितलं, "त्या दिवशी मी पारडी बदलून तोललं नव्हतं."

काका म्हणाले, "माहितीये."

"शनिवार होता. ऑफिस एकला बंद व्हायचं."

"दुकान आठ दिवस बंद होतं माझं. दोन दिवस तर ही पण विचारत होती, खरंच का हो. ते वीस ग्रॅम दुसऱ्या पारड्यात जास्त निघाले असते."

"निघाले असते. शेरा चुकला."

"आता कुठे दुरुस्त करणार? कागद रद्दीत गेला असेल."

"गेला असेल," बाबा म्हणाले. "मला पाठ आहे."

मी आजवर समजत होतो की दोन पारड्यांचा नियम बाबांना खात्याने शिकवला. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं, की तो त्यांना त्या शनिवारनंतर स्वतःच शिकावा लागला असेल, आणि एकट्याला झेपेना म्हणून त्यांनी तो मला शिकवला. ही गोष्ट विनोदी करायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही.

मशीन वरच राहिलं, कारण काकूंचं टेबल खरंच मोठं होतं. आई हंस काढत होती, काकू उलट्या बाजूचे दोरे कापत होत्या, काका घड्या घालून दहादहाचे गठ्ठे करत होते, आणि बाबा प्रत्येक खिशावर पट्टी ठेवून हंसाची मान मोजत होते. मला चहा करायला सांगितलं. "इंजिनिअर आहेस ना," काका म्हणाले. आमच्या संभाषणात अखेर भर पडली. शनिवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी साठ कोट हॉटेलात पोचले. मॅनेजरने उलटसुलट करून बघितले आणि आईला म्हणाला, "चादरी कधी पाठवू?" आई म्हणाली, "बघू." आणि मग लगेच, "सोमवारी."

त्याने आम्हा सगळ्यांना उद्घाटनाला बोलावलं. अडचण एवढीच की बाबांचा कोट लग्नातला होता आणि काकांकडे कोट नव्हताच. आईने बिघडलेले दोन कोट इस्त्री करून पुढे ठेवले. "कापड चांगलं आहे. खिशावर रुमाल लावा, कोणाला दिसणार नाही." मी म्हणालो की हे बरोबर दिसणार नाही. सर्वोच्या बाबतीत माझा अंदाज काय होता, याची मला आठवण करून देण्यात आली.

रविवारी हॉटेलात गर्दी होती. साठ वेटर, साठ हंस. बाबा आणि काका भिंतीशी उभे होते, पांढऱ्या कोटांत, खिशावर रुमाल. एका जाड गृहस्थांनी बाबांकडे बघून चुटकी वाजवली. "इकडे दोन पाणी."

मी पुढे झालो, पण बाबांनी मला हाताने थांबवलं. शेजारच्या टेबलावरचा जग घेतला, दोन ग्लास भरले आणि गृहस्थांपुढे ठेवले. ग्लास ठेवताना रुमाल सरकला आणि दोन मानांचा हंस बाहेर डोकावला. गृहस्थ त्याच्याकडे बघतच राहिले.

काका वाकले. त्यांनी डोळे बारीक करून डावा ग्लास न्याहाळला आणि म्हणाले, "कमी आहे."

बाबांनी जग उचलला, आणि तो तसाच हवेत धरून ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "आधी दुसरा बघा."